बाईचा स्वभाव आणि उत्क्रांतीचा हिशेब

साकोली येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ



विषय कळवल्यावर संयोजकांपैकी एकांनी मला फोनवर विचारलं, "मॅडम, हे जीवशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे, की बायकांच्या हक्कांचं भाषण आहे?" मी म्हटलं, तिन्ही आहे, आणि या तिघांचं आपसात पटत नाही म्हणून तर बोलायचं आहे. तेव्हा भांडणापासूनच सुरुवात करते.

१८८२ सालचा जानेवारी महिना. चार्ल्स डार्विन आयुष्याच्या शेवटच्या काही महिन्यांत होते. बोस्टनजवळ राहणाऱ्या कॅरोलिन केनार्ड नावाच्या बाईंचं पत्र त्यांना आलं होतं. एका सभेत कुणीतरी डार्विनच्या ग्रंथाचा हवाला देऊन सांगितलं होतं की स्त्रिया बुद्धीने कनिष्ठच असतात. तुमचं खरंच असं मत आहे का, एवढंच केनार्डबाईंना विचारायचं होतं. डार्विननी सभ्यपणे पण स्पष्ट उत्तर दिलं. नीतीच्या बाबतीत बायका सरस, बुद्धीच्या बाबतीत कमी, आणि आनुवंशिकतेचे नियम बघता हे अंतर भरून निघणं कठीण. भरून निघायचं तर बायकांना पुरुषांसारखं कमावतं व्हावं लागेल, आणि तसं झालं तर मुलांचे आणि घराचे हाल होतील. केनार्डबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी उलट लिहिलं की नवरा आठवड्याची तुटपुंजी मजुरी आणून देतो आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत पैशाला पैसा जोडत बायको घर चालवते, यातलं कमावतं कोण? आणि आधी बाईला पुरुषाइतकी संधी, पुरुषासारखी परिस्थिती मिळू द्या, निवाडा मग करा.

त्याच १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात एक लहानसं पुस्तक छापलं गेलं. लिहिणारी बाई आपल्याच विदर्भातली, बुलढाण्याची. ताराबाई शिंदे. पुस्तक 'स्त्री-पुरुष तुलना'. निमित्त होतं सुरतच्या एका तरुण ब्राह्मण विधवेचं. विजयालक्ष्मी तिचं नाव. तिने आपलं अनौरस मूल मारलं म्हणून १८८१ मध्ये तिला फाशी सुनावली गेली, पुढे शिक्षा कमी झाली. त्यावरून वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या स्वभावाची चिरफाड सुरू झाली आणि ताराबाईंचं डोकं फिरलं. त्यांनी काय केलं? बायकांवर जे जे दुर्गुण लादले जातात ते एकेक घेतले आणि प्रत्येकासाठी विचारलं, हा पुरुषात नाही का? असला तर किती?

मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. प्रयोगाच्या वहीत मुलांनी तुलनेचा गट ठेवला नाही तर मी सही करत नसे. म्हणून ताराबाईंचं पुस्तक वाचताना मला त्यांच्या संतापापेक्षा त्यांच्या रीतीचं कौतुक वाटतं. स्त्रीच्या स्वभावाबद्दल विधान करायचं तर शेजारी पुरुष उभा करून बघा, ही शास्त्राची साधी मागणी आहे. ती बुलढाण्याच्या कचेरीतल्या एका हेडक्लार्कच्या मुलीने केली आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या निसर्गशास्त्रज्ञाला त्या एका प्रश्नापुरती सुचली नाही. यात डार्विनचा अपमान नाही. त्यांचाच सिद्धांत हाताशी धरून मी पुढचं सगळं बोलणार आहे.

आता माणसाचा स्वभाव उत्क्रांतीवरून समजावणारं उत्क्रांती-मानसशास्त्र म्हणतं काय? त्याचा पाया १९७२ च्या एका लेखात आहे. रॉबर्ट ट्रिव्हर्स या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने मांडलं की पिल्लासाठी जो जास्त खर्च करतो तो जोडीदार निवडताना चोखंदळ होतो, आणि जो कमी खर्च करतो तो निवडला जाण्यासाठी इतरांशी झुंजतो. सस्तन प्राण्यांत मादी गर्भ वाढवते, दूध पाजते. म्हणजे जास्त खर्च तिचा. पुढे १९८०-९० च्या दशकांत डेव्हिड बस वगैरे मंडळींनी हे माणसाच्या मनाला लावलं. शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगण्याच्या लाखो वर्षांत आपलं मन घडलं, त्या काळाचे कल अजून आपल्यात आहेत, असं त्यांचं म्हणणं. बस यांनी १९८९ मध्ये ३७ समाजांतल्या दहा हजारांहून जास्त लोकांची पाहणी छापली. भारतही त्यात होता. निष्कर्ष असा की पुरुष वय आणि रूप बघतात, बायका कमाई बघतात.

सभागृहात हसू उमटलं ते मला दिसतंय. लग्न जमवणाऱ्या कुठल्याही मामाला हे पाहणीशिवाय ठाऊक होतं. पण हसून सोडून देण्यासारखं ते नाही. माणूस प्राणी आहे. त्याचं शरीर उत्क्रांतीने घडलं आणि मन तेवढं आकाशातून पडलं, हे मला पटत नाही. ज्या स्त्रीवादी मैत्रिणी जीवशास्त्राचं नाव काढलं की उठून जातात त्यांच्याशी माझा वाद आहे, त्याच्याकडे मी येतेच. आधी ट्रिव्हर्सच्या नियमाकडे नीट बघू. त्यात 'मादी' हा शब्द कळीचा नाही. 'जास्त खर्च करणारा' हा कळीचा. तो कोण, हे प्रत्येक जातीत बघावं लागतं. आणि ते बघायला आपल्या या भागासारखी चांगली जागा शोधून सापडणार नाही.

कोहळी समाजाने बांधलेले तलाव, गावोगावच्या बोड्या, नवेगावचा बांध, नागझिऱ्याचं रान. अरण्यलेखक मारुती चितमपल्लींनी याच पाण्याकाठी किती वर्षं काढली. त्या पाण्यावर कमळपक्षी दिसतो. कमळाच्या, शिंगाड्याच्या पानांवरून लांब बोटांनी चालत जातो तो. त्याची मादी नरापेक्षा मोठी. ती आपल्या हद्दीसाठी दुसऱ्या माद्यांशी भांडते, एका नराजवळ अंडी घालते आणि दुसऱ्याकडे निघून जाते. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं हे सगळं बापाकडे. धानाच्या बांधीच्या कडेला दडून असणारा रंगीत पाणलावा घ्या. त्यातही नटलेली मादी, मळकट नर, आणि उबवायला नर. ट्रिव्हर्सचा नियम इथे तुटत नाही, उलट सिद्ध होतो. खर्च नराने केला, म्हणून झुंज मादीच्या वाट्याला आली.

मग सारस. महाराष्ट्रात तो उरला आहे तो मुख्यतः गोंदियात आणि आपल्या भंडाऱ्याच्या काठाला. धानात घरटं करतो, नर-मादी दोघं आळीपाळीने उबवतात, जोडी वर्षानुवर्षं टिकते. लग्नाच्या पत्रिकेवर छापावा असा पक्षी. आणि तरीही उत्तर प्रदेशातल्या अभ्यासकांना अलीकडे सारसांचे तिघांचे संसार सापडले, जिथे जागा निकृष्ट असते तिथे तिसरा पक्षी पिल्लं वाढवायला मदत करतो. पत्रिकावाल्यांनी हे मनावर घेऊ नये.

चौथा प्राणी आपल्या घरांच्या कवेलूंवर रोज येतो. वानर. आणि या वानरावरूनच उत्क्रांतीच्या शास्त्रात एक मोठी उलथापालथ झाली, जी एका बाईने केली. ती थोडी सावकाश सांगते.

१९६० च्या सुमारास फिलिस जे नावाच्या संशोधिकेने बस्तरमधल्या ओरछाला आणि उत्तर प्रदेशात वानरांचा अभ्यास केला. तिला दिसलं शांत, सुव्यवस्थित कुटुंब. जवळपास त्याच काळात युकिमारू सुगियामा हे जपानी शास्त्रज्ञ धारवाडच्या रानात होते. त्यांना दिसलं की बाहेरचा नर टोळीवर चाल करून येतो, जुन्या नराला हाकलतो आणि दूधपित्या पिल्लांना मारतो. पिल्लू गेलं की आईचं दूध आटतं, ती लवकर माजावर येते आणि नव्या नराची पिल्लं जन्मतात. अनेकांना हे पटेना. गर्दीमुळे बिघडलेल्या वानरांचं हे वेड आहे, असं म्हटलं गेलं. तेव्हा सारा ब्लॅफर हर्डी ही तरुण अमेरिकी संशोधिका राजस्थानात माउंट अबूला आली. १९७७ मध्ये तिचं पुस्तक आलं. नर पिल्लं मारतो ते वेडाने नव्हे, त्यात त्याचा वंशलाभ आहे, हे तिने मांडलं. नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांच्या डीएनए तपासणीने १९९९ मध्ये त्याला दुजोरा दिला. मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते.

इथपर्यंतची गोष्ट पुरुषी उत्क्रांतीशास्त्राला सोयीची होती. हर्डी तिथे थांबली नाही. नर हे करत असेल तर माद्या काय करतात, हे तिने विचारलं. तोवर मादी म्हणजे लाजरी, वाट बघणारी, निवड झाली की गप्प राहणारी, असं पाठ्यपुस्तकं सांगत. हर्डीला अबूच्या माद्या बाहेरच्या नरांशीही संग करताना दिसल्या, कधी तर गाभण असतानाही. का? बाप कोण याची खात्री कुठल्याच नराला राहू नये म्हणून. ज्याला पिल्लू आपलं असेल अशी शंका असते तो त्याला मारत नाही. ज्याला आपल्याकडे चारित्र्य म्हणतात त्याची ही अगदी उलटी बाजू, आणि तीसुद्धा आईपणातूनच आलेली. १९८१ मध्ये तिने यावर पुस्तक लिहिलं. ती उत्क्रांतीवादी होती आणि स्त्रीवादीही. दोन्ही घरांत तिला काही दिवस पाहुणीसारखं वागवलं गेलं.

तिने वानरांत आणखी एक पाहिलं. ते आपणही रोज बघतो, पण लक्ष देत नाही. वानरीचं काळं पिल्लू जन्मलं की टोळीतल्या इतर माद्या ते मागून घेतात, हातोहात फिरवतात. आई तेवढ्यात चरून घेते. पुढे माणसाकडे वळल्यावर हर्डीने हेच मांडलं की मनुष्याचं मूल इतकं महाग आहे, इतकी वर्षं परावलंबी आहे, की ते एकट्या आईने वाढवणं आपल्या पूर्वजांना शक्यच नव्हतं. आजी, मावशी, मोठी बहीण, कधी बाप, शेजारीण असे सगळे हात लागत. टांझानियातल्या हाड्झा लोकांत म्हाताऱ्या बायका कंद उकरून नातवंडांना पोसतात, हे क्रिस्टन हॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मोजून दाखवलं. पाळी गेल्यावरही बाई इतकी वर्षं का जगते, या कोड्याचं एक उत्तर त्यात आहे.

म्हणजे आई एकटीच पुरेशी आहे आणि ममता आपोआप येते, हे उत्क्रांतीशास्त्र सांगत नाही. ते नेमकं उलट सांगतं. आधार असेल तर ममता उमलते, आधार तुटला की आई मूल टाकूही शकते. आता विजयालक्ष्मीकडे परत बघा. वर्तमानपत्रांनी तिच्यात राक्षसी स्वभाव शोधला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी त्याच्या कितीतरी आधी, १८६३ मध्ये, पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. अडल्या विधवेने यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. तिथल्याच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. फुल्यांनी बाईच्या स्वभावात काहीच बदल केला नाही, तिच्या भोवतीचे हात बदलले. हर्डीच्या सिद्धांताची याहून चांगली चाचणी मला माहीत नाही, आणि ती सिद्धांताच्या शंभराहून जास्त वर्षं आधी झाली.

जाता जाता एक. १९७५ पासून देशात अंगणवाड्या आहेत. गावातली दुसऱ्यांची मुलं सांभाळणारी, त्यांना वजनकाट्यावर घालणारी, खाऊ घालणारी बाई ही सेविका, आणि तिला मिळतं ते मानधन. पगार नाही. कारण मुलं सांभाळणं हे बाईला नैसर्गिकच, त्याचा पगार कसला? तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं.

आता मोजमापाची पट्टी कोणाच्या हातात आहे याचं एक उदाहरण. इरावती कर्वे. 'युगान्त'मुळे आपण त्यांना ओळखतो, पण त्या मानवशास्त्रज्ञ होत्या. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑइगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. फिशर म्हणजे वंशशास्त्रातलं बडं नाव, पुढे नाझींच्या कामी आलेलं. त्यांचा कयास असा की युरोपीय माणसाची कवटी डावी-उजवीकडे जास्त असमान असते आणि त्यातून त्याची तर्कबुद्धी दिसते. इरावतीबाईंना कवट्या मोजायला दिल्या. त्यांनी मोजल्या, आणि वंशावरून असमानतेत फरक पडतो असं आकडे सांगत नाहीत, असं लिहून टाकलं. परक्या देशात, परक्या भाषेत, गुरूच्या लाडक्या कल्पनेविरुद्ध एका तरुण मराठी बाईने हे केलं. मोजणारी बदलली म्हणून आकडे बदलले नाहीत. आकड्यांतून जे निघत नव्हतं ते काढायचं नाही, एवढाच आग्रह बदलला. उत्क्रांतीविषयी राग असणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी हेच सांगते. प्रयोगशाळा सोडून जाऊ नका, तिथेच बसा आणि मोजा.

पण आपल्या भागाशी थेट संबंध असलेलं इरावतीबाईंचं काम वेगळं आहे, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा तिथे आहे. १९५३ मध्ये त्यांनी भारतातल्या नात्यांच्या रचनेवर मोठा ग्रंथ लिहिला. उत्तरेत मुलगी लांबच्या, अनोळखी गावी देतात. दक्षिणेत मामाकडे, आत्याकडे, ओळखीच्या घरी. महाराष्ट्र मध्ये पडतो, मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडे आहे. माणूस तोच, पण बाईचं जिणं नकाशावर बदलत जातं.

त्या नकाशावर काही आकडे ठेवते. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली, बीड जिल्ह्यात ८०७. भंडारा जिल्ह्यात ९५०. गोंदिया ९५६, गडचिरोली ९६१. राज्याची सरासरी ८९४. मुलाची ओढ ही उत्क्रांतीने दिलेली आहे, असं सांगणारे सिद्धांत आहेत. ट्रिव्हर्स आणि विलार्ड यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं की सुस्थितीतल्या आईबापांना मुलगा फायद्याचा, हलाखीतल्यांना मुलगी. मिल्ड्रेड डिकमन यांनी १९७९ मध्ये उत्तर भारतातल्या वरच्या जातींतल्या मुली मारण्याच्या प्रथेला हाच न्याय लावला. अभ्यास म्हणून ते वाचण्यासारखं आहे. पण २००१ मध्ये बीडचा आकडा ८९४ होता. दहा वर्षांत तो ८०७ झाला. दहा वर्षांत जनुकं बदलत नाहीत. सोनोग्राफी यंत्रं पोचतात, हुंड्याचा दर चढतो, ऊसतोडीला निघालेल्या टोळीत वयात आलेल्या पोरीचं काय करायचं ही भीती वाढते.

आणि भंडारा असा का? प्रणब बर्धन या अर्थतज्ज्ञांनी १९७४ मध्ये एक कारण सुचवलं होतं, धान. गव्हाच्या मुलखात बाईच्या श्रमाची शेताला कमी गरज, धानाच्या मुलखात तिच्याशिवाय पीकच उभं राहत नाही. म्हणून तिथे मुलगी निव्वळ ओझं ठरत नाही. तुम्हाला हे मी समजावून सांगायची गरज नाही. आषाढ-श्रावणात चिखलणी झालेल्या बांधीत वाकून, पावसात, पऱ्ह्यांच्या जुड्या सोडत रोवणी कोण करतं, ते तुम्ही जाणता. मोहफुलं कोण वेचतं, तेंदूपत्ता कोण तोडतं, तेही.

हे एकच कारण आहे असं मी म्हणणार नाही. आदिवासी समाजांच्या चालीरीती, दवाखान्यांची दूरता, नात्यांची रचना, सगळंच यात मिसळलं आहे. आणि धानाने बाईला जगवलं म्हणजे तिचं भलं केलं असंही नाही. तिच्या जीवाला किंमत दिली, तिच्या मजुरीला मात्र पुरुषाएवढी नाही. 'बायकांची बोटं नाजूक म्हणून रोवणी त्यांची' हे वाक्य मी इथल्याच बांधावर कित्येकदा ऐकलं. हेसुद्धा एक घरगुती उत्क्रांतीशास्त्रच. पण रोवणीचं यंत्र आलं की त्यावर कोण बसतो? नाजूक बोटांची गरज संपली आणि बसायची जागा पुरुषाची झाली. काम बाईचं आहे की पुरुषाचं, हे बोटं बघून ठरत नव्हतं.

बस यांच्या ३७ समाजांच्या आकड्यांकडेही अ‍ॅलिस ईगली आणि वेंडी वुड यांनी १९९९ मध्ये पुन्हा बघितलं. ज्या देशांत बायकांना कमाईची, सत्तेची संधी जास्त, तिथे बायकांची कमावत्या नवऱ्याची ओढ आणि पुरुषांची कमी वयाच्या बायकोची ओढ, दोन्ही कमी. त्यांचा हा आक्षेपही सगळ्यांना मान्य नाही, वाद अजून चालू आहे. पण मला महत्त्वाचं वाटतं ते एवढं की जी गोष्ट परिस्थितीनुसार सरकते तिला अढळ स्वभाव म्हणता येत नाही. उत्क्रांतीने माणसाला दिली ती पाटी कोरी नाही, हे मान्य. त्यावर एकच वाक्य कोरलेलं नाही, हेही तितकंच खरं.

आता मैत्रिणींशी वाद घालायची वेळ आली. जगभर खून करणाऱ्यांत पुरुष सुमारे ९० टक्के. जवळपास प्रत्येक देशात पुरुषच पुढे. मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन यांनी १९८८ च्या पुस्तकात दाखवलं की त्यातही तरुण, अविवाहित, हातात काही नसलेले पुरुष पुढे. हे सगळं केवळ वळण लावण्यातून आलं, असं म्हणणं मला कठीण जातं. पुरुषाच्या शरीरात झुंजीकडे ओढणारं काही आहे, हे मान्य करायला स्त्रीवाद्यांनी का घाबरावं? तेच डेली-विल्सन हेही सांगतात की खुनाचं प्रमाण देशादेशात कितीतरी पटींनी बदलतं. जपानचा पुरुष आणि होंडुरासचा पुरुष एकाच प्राणिजातीचे आहेत. कल आहे म्हणून नियती ठरली, असं नाही, आणि नियती नको म्हणून कलच नाकारावा, असंही नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'मध्ये जीवशास्त्रच हातात घेऊन बाईच्या कामेच्छेचा आणि संततिनियमनाचा हक्क मांडला. त्यांच्यावर खटले झाले. १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं. शरीराचं शास्त्र बाईच्या बाजूने वापरायची मराठीत परंपरा आहे. ती आपण अर्ध्यावर का सोडली, ते मला कळत नाही.

पण एका ठिकाणी मी उत्क्रांतीवाद्यांवर रागावते, आणि ते ठिकाण इथून दूर नाही. लाखांदूर मागे टाकून सरळ गेलात की वडसा, म्हणजे देसाईगंज. १९७२ चा मार्च, ट्रिव्हर्सचा तो लेख निघाला तेच वर्ष. तिथल्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. मथुरा खटला म्हणून देश ते ओळखतो. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, तिला आधीपासून संबंधांची सवय आहे म्हणून. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणून. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, रस्त्यावर मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असलेली बाई संमती नव्हती म्हणाली तर न्यायालयाने तेच गृहीत धरायचं, हे तेव्हा आलं.

२००० साली रँडी थॉर्नहिल आणि क्रेग पामर या दोघांनी पुस्तक लिहिलं की बलात्काराचं मूळ पुरुषाच्या उत्क्रांत कामवासनेत आहे आणि स्त्रीवादी त्याला सत्तेचा प्रश्न म्हणतात ते चूक. बलात्कार समर्थनीय आहे, असं त्यांनी म्हटलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण वडशाच्या ठाण्यापुढे ते पुस्तक ठेवा. दार कोणी बंद केलं? गणवेश कोणाच्या अंगावर होता? तक्रार करायची जागा आणि गुन्ह्याची जागा एकच का होती? वासना सगळीकडे आहे, ठाण्याचं दार सगळ्यांच्या हातात नसतं. ज्या सिद्धांताला त्या दाराविषयी काही बोलता येत नाही, त्याने तिथल्या घटनेचं कारण सापडलं असं सांगू नये. आणि मुलीच्या 'स्वभावा'वरून निकाल देणाऱ्या त्या सत्र न्यायालयाला काही उत्क्रांतीशास्त्र ठाऊक नव्हतं. विजयालक्ष्मीच्या वेळच्या वर्तमानपत्रांचं शास्त्र तेवढं पुरलं.

वेळ होत आला. शेवटी जमिनीबद्दल बोलते, कारण धानाच्या मुलखात सगळे प्रश्न बांधीवर येऊन थांबतात.

बायकांना मिळकतीत हक्क देऊ पाहणारं हिंदू कोड बिल रखडलं म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. १९५४ मध्ये ते आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. आपण त्यांना निवडून दिलं नाही. पुढे १९५६ मध्ये वारसा कायदा आला, १९९४ मध्ये महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हिस्सा दिला, केंद्राने तसाच नियम २००५ मध्ये केला. त्याआधी १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी शेतकरी बायकांचं अधिवेशन भरवलं, पुढे लक्ष्मीमुक्तीत नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करावी म्हणून मोहीम चालवली. कागदावर बहीण बरोबरीची झाली. आणि तेव्हापासून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रं होऊ लागली. बाप गेला की बहिणी सही करतात, सातबाऱ्यावर भाऊ राहतो. विचारलं तर उत्तर मिळतं, बहिणीचं भावावर नैसर्गिक प्रेम असतं, तिला माहेर तुटायला नको असतं.

नैसर्गिक म्हणता ना, मग निसर्गाचाच हिशेब लावू. विल्यम हॅमिल्टनने १९६४ मध्ये रक्ताच्या नात्यातल्या त्यागाचं गणित मांडलं. ज्याच्यासाठी सोडायचं त्याच्याशी आपलं रक्त किती सामाईक, यावर ते चालतं. सख्ख्या भावंडांत ते निम्मं. बहिणीचं भावाशी निम्मं, तसं भावाचं बहिणीशीही निम्मं. रक्तच सही करायला लावत असतं तर निम्मी हक्कसोडपत्रं भावांनी बहिणींच्या नावे केलेली असती. कोणी म्हणेल, मुलाला जमीन दिली की वंश जास्त वाढतो, असाही सिद्धांत आहे. आहे, पण तो जिथे एका पुरुषाला अनेक बायका करता येतात तिथे चालतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो रस्ता बंद केला. आणि ती सही करणारी बहीण काय सोडते ते बघा. पोटच्या पोराशी तिचं नातं निम्म्याचं, भाच्याशी चतकोराचं. म्हणजे उत्क्रांतीच्या वहीप्रमाणे ती आपल्या लेकरांच्या ताटातलं उचलून भाच्यांच्या ताटात वाढते आहे. तिला हे करायला लावणारं काय आहे, याचा शोध जनुकांत घेऊ नका. सही करायला तिला कचेरीत कोण घेऊन आलं होतं, परतताना ती कोणत्या घरी उतरली, आणि नाही म्हटलं असतं तर दिवाळीला तिला माहेरी कोणी बोलावलं असतं, एवढं साकोलीच्या कॉलेजातल्या मुलामुलींनी एका तालुक्यापुरतं जरी विचारून लिहून काढलं, तर मी पुढच्या वेळी तेवढंच वाचायला येईन.